25 कोटी वर्षांची धार

तुमच्या हॉस्टेलमधला किंवा शेअरिंग फ्लॅटमधला चाकू डोळ्यांसमोर आणा. टोमॅटो त्याच्याखाली आधी दबतो, मग पचकतो आणि शेवटी कंटाळून कापला जातो. यावर आपला उपाय ठरलेला. कप उलटा करायचा, त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पातं दोन-चारदा घासायचं आणि तेवढ्यानंही भागलं नाही तर नवा चाकू मागवायचा. धार ही आपल्या लेखी चाकूबरोबर फुकट येणारी गोष्ट. ती गेली की चाकूही गेला.

आता तुमच्या फीडमध्ये कधीतरी येऊन गेलेली ती रील आठवा. काळपट निळसर पातं, ओला दगड, सर्र सर्र असा एकसारखा आवाज आणि शेवटी हवेत धरलेल्या कागदाची अलगद निघणारी पट्टी. त्या रीलमधली एकरंगी, मापात कापलेली विटेसारखी वडी बहुतेक वेळा कारखान्यात तयार झालेली असते. पण एखाद्या व्हिडिओत वेगळाच दगड दिसतो. पिवळसर राखाडी, मधूनच जांभळट डाग, एखादी तपकिरी रेघ, एक कोपरा तुटका. त्याला जपानीत ‘तेन्नेन तोइशी’ म्हणतात. म्हणजे नैसर्गिक, डोंगरातून खणून काढलेला धारेचा दगड. आजची गोष्ट त्याची आहे. आणि ती आत्ता सांगायला हवी, कारण असे नवे दगड जमिनीतून निघणं जवळजवळ थांबलं आहे.

क्योतो शहराच्या वायव्येला अतागो नावाचा 924 मीटर उंच डोंगर आहे. आगीपासून राखण करणाऱ्या देवाचं ठाणं म्हणून जपानमध्ये तो प्रसिद्ध. त्याच्या आसपासच्या टेकड्यांमध्ये, नारुताकी, उमेगाहाता, ताकाओपासून पलीकडच्या कामेओकापर्यंत, शतकानुशतकं धारेचे दगड खणले गेले. नाकायामा, ओहिरा, ओझुकु, शोबुदानी ही त्यातल्या काही खाणींची नावं. धारेच्या दुनियेत ही नावं अशी घेतली जातात, जशी आपण हापूसच्या बाबतीत देवगड-रत्नागिरी घेतो. जगात धारेचे दगड इतर ठिकाणीही मिळतात. बेल्जियममध्ये आहेत, अमेरिकेत आर्कान्सामध्ये आहेत. पण अगदी शेवटच्या, सर्वांत बारीक धारेसाठी क्योतोच्या या पट्ट्याचं नाव वेगळ्याच आदरानं घेतलं जातं.

का, याचं उत्तर भूगोलात नाही, भूगर्भात आहे. आणि ते भन्नाट आहे.

हे डोंगर मुळात जपानचे नाहीतच. एकेकाळी पृथ्वीवर पँथालासा नावाचा एक अवाढव्य महासागर होता. त्याच्या खोल तळाशी, किनाऱ्यापासून फार दूर, रेडिओलेरिया नावाच्या सूक्ष्म जीवांचे काचेसारखे सांगाडे पडत राहायचे. हजार वर्षांत काही मिलिमीटर, एवढाच थर. त्यातून चर्ट नावाचा भयंकर टणक खडक तयार झाला. चर्टवर चाकू घासलात तर फार काही होत नाही, कारण त्यातले कण सुटून पुढे येतच नाहीत.

मग सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या इतिहासातला सर्वांत मोठा संहार झाला. डायनोसॉर संपले तो नव्हे, त्याच्याही खूप आधीचा. समुद्रातल्या दहापैकी किमान आठ प्रजाती गेल्या. त्या काळात खोल समुद्राच्या तळाशी चर्ट साचणं थांबलं आणि त्याऐवजी अतिशय बारीक माती साचत गेली. तिच्यात क्वार्ट्‌झचे डोळ्यांना न दिसणारे कण मिसळलेले. पुढे हा तळ सरकत्या भूपट्टावर बसून आशियाच्या कडेला आला, खरवडला गेला आणि वर ढकलला गेला. भूशास्त्रज्ञ त्या काळातल्या या खडकाला चक्क ‘तोइशी प्रकारचा’ खडक म्हणतात. एका जागतिक मृत्युकाळाचा शास्त्रीय पुरावा आणि सुरीला धार लावायची वस्तू, दोन्हींना एकच नाव!

या दगडाची सगळी जादू या मिश्रणात आहे. क्वार्ट्‌झ पोलाद घासतो. माती त्याला धरून ठेवते, पण गच्च नाही. दगडावर पाणी शिंपडून पातं फिरवलं की थोडे थोडे कण सुटतात, पाण्यात मिसळतात आणि दगडावर एक राखाडी लगदा तयार होतो. धार लावतो तो हा लगदा. दगड झिजतो म्हणून पातं घडतं.

अर्थात बोथट पातं घेऊन थेट या दगडाकडे कुणी जात नाही. जपानी पद्धतीत तीन पायऱ्या असतात. आधी ‘आरातो’, म्हणजे भरड दगड. पात्याला दात पडले असतील, आकार बिघडला असेल तर तो. मग ‘नाकातो’, मधला. आणि शेवटी ‘आवासेदो’, अखेरची धार देणारा. क्योतोची ख्याती या शेवटच्यासाठी. बाकीचे दोन जपानमध्ये अनेक ठिकाणी निघायचे, आणि त्यातल्या एका ठिकाणाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शिकोकू बेटावर तोबे नावाचं गाव आहे. तिथले दगड ‘इयोतो’ म्हणून ओळखले जायचे. खाणीबाहेर फुटक्या दगडांचे, चुऱ्याचे ढीग साचायचे आणि त्यांचं करायचं काय हा प्रश्न होता. तिथल्या ओझु संस्थानानं हुकूम काढला की या चुऱ्यापासून चिनीमाती करून बघा. बऱ्याच खटपटीनंतर 1777 मध्ये सुगिनो जोसुके यांना ते जमलं. तोबेची जाडसर, पांढऱ्यावर निळ्या नक्षीची भांडी आजही जपानी घरांत वापरली जातात. तीही मूळची धारेच्या दगडाच्या कचऱ्यातली.

परत क्योतोकडे.

नैसर्गिक आणि कारखान्यातला दगड यांत नेमका फरक काय, हे कळायला जपानी सुरी कशी बनते ते माहीत हवं. पारंपरिक सुरी एकाच धातूची नसते. मऊ लोखंडाला कडक पोलादाची पट्टी तापवून, ठोकून जोडलेली असते. धार पोलादाची, आधार लोखंडाचा. कारखान्यातल्या दगडात सगळे कण साधारण एका मापाचे असल्यामुळे दोन्ही भाग एकसारखे चकाकतात. नैसर्गिक दगडात कण लहानमोठे, शिवाय त्यांचे कोपरे तितके तीक्ष्ण नसतात. त्यामुळे मऊ लोखंडावर एक मंद, धुक्यासारखी छटा येते आणि पोलाद तेवढं उजळ उठून दिसतं. दोघांमधली सीमारेषा स्पष्ट होते. या छटेला नावच ‘कासुमी’ आहे, म्हणजे धुकं. ती नुसती शोभा नाही. कारागीर ती बघून सांगू शकतो की पात्याचा उतार सगळीकडे सारखा घासला गेलाय की कुठे खड्डा राहिलाय.

पण त्याहून मोठा फरक आकड्याचा आहे.

कारखान्यातल्या दगडावर ग्रिट छापलेला असतो. 1000 म्हणजे साधारण 11-12 मायक्रॉनचे कण, 6000 म्हणजे सुमारे 2 मायक्रॉन. आकडा मोठा, धार बारीक. कुठल्याही गावात, कुठल्याही दुकानात 1000 म्हणजे 1000. नैसर्गिक दगडाला असा आकडाच नाही. विकणारे कधी कधी ‘8000च्या आसपास’ वगैरे सांगतात, पण ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. हलक्या हातानं, पातळ लगद्यात घासलंत तर तोच दगड एक धार देतो. जाड लगद्यात दाबून घासलंत तर दुसरी. एकाच खाणीतले, एकाच थरातले, शेजारी शेजारी निघालेले दोन दगडही एकसारखे वागत नाहीत. थरांची नावं मात्र आहेत. ‘तोमाए’ हा त्यातला लाडका थर, ‘सुइता’मध्ये बारीक छिद्रं दिसतात. रंगांची आणि नक्ष्यांचीही नावं आहेत. पिवळ्या दगडावर गडद शिंतोडे असतील तर ‘करासु’, कावळा. सालीवर ठिपके असलेल्या जपानी नासपतीसारखा दिसला तर ‘नाशिजी’. ही नावं वाचून मला आधी वाटलं होतं की एवढं पाठ केलं की दगड कळला. पण रंगावरून धार ओळखता येत नाही. दगड पाण्यानं भिजवून, त्यावर ओळखीचं पातं फिरवूनच तो कळतो.

वस्तऱ्याच्या बाबतीत तर हे प्रकरण आणखी नाजूक. सुरीला थोडी करकरीत धार चालते, उलट टोमॅटोच्या सालीत ती चांगली रुतते. वस्तरा चामडीवरून जातो. त्याला टणक आणि अतिशय बारीक दगड लागतो, आणि त्यात कठीण खनिजाची एक सुईसारखी शीर जरी असली तरी घात होतो. जपानीत अशा शिरेला ‘हारी’, म्हणजे सुईच म्हणतात. टणक दगड स्वतःहून लगदा सोडत नाही, म्हणून त्यावर दुसरा छोटा दगड घासून लगदा काढायचा. त्याचं नाव ‘नागुरा’. आइची प्रांतातल्या पांढऱ्या नागुराचे बोतान, तेन्जो, मेजिरो आणि कोमा असे प्रकार असतात. ते भरडापासून बारीकपर्यंत क्रमानं वापरायचे. एका वस्तऱ्यासाठी एवढा सगळा खटाटोप! आपण पाच-पाच ब्लेडचं रेझर वापरून फेकतो.

आकडा नाही, म्हणजे बाजारात काय होणार याची कल्पना तुम्हाला आलीच असेल. नाव विकलं जातं. नाकायामाच्या खाणीची कीर्ती मोठी, म्हणून नाकायामाचे शिक्के मारलेले दगड वाटेल तितके मिळतात. आपल्याकडे मे महिन्यात रस्त्यावरच्या प्रत्येक पेटीवर ‘देवगड हापूस’ लिहिलेलं असतं, अगदी तसंच. उत्तम दगडाची किंमत लाखो येनपर्यंत जाते. त्यातला किती भाग धारेचा, किती शिक्क्याचा आणि किती संग्राहकांच्या हौसेचा, हे वेगळं करणं अवघड आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर बराचसा हौसेचाच.

मग ही सगळी श्रीमंतांची करमणूक आहे का? तसं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खाणी बंद का पडल्या ते पाहिलं की गोष्ट बदलते.

1876 मध्ये मेइजी सरकारनं सर्वसामान्यपणे तलवार बाळगून फिरण्यावर बंदी घातली. सामुराईंच्या कमरेच्या तलवारी गेल्या आणि त्यांना घासणाऱ्यांचं काम एका फटक्यात आटलं. 1891 मध्ये तिकडे अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी सिलिकॉन कार्बाइड बनवलं. त्याला त्यांनी ‘कार्बोरंडम’ नाव दिलं, कारण ते कार्बन आणि कोरंडम यांचं मिश्रण असावं असा त्यांचा समज होता. (हा ‘कोरंडम’ शब्द इंग्रजीत तमिळमधून गेला. आपला कुरुंदाचा दगड तो हाच.) घासणारे कण आता भट्टीत, हव्या त्या मापाचे मिळू लागले. तरीही क्योतोच्या खाणी चालू राहिल्या, कारण सुतार होते, सलून होते, आचारी होते. मग सुतारांकडे विजेचे रंधे आणि फेकून द्यायची पाती आली, सलूनमध्ये ब्लेड बदलायचे वस्तरे आले, घराघरांत धार न लावता वापरायच्या स्टेनलेस सुऱ्या आल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक खाण बंद होत गेली. दगड संपला म्हणून नव्हे. काही ठिकाणी तो अजूनही डोंगरात आहे. पण चांगला थर पातळ असतो, खणलेल्या मालातला फार थोडा भाग कामाचा निघतो, आणि कुठला तुकडा ठेवायचा, कुठला टाकायचा हे सांगणारी नजर वर्षानुवर्षं खाणीत काढल्याशिवाय येत नाही. नव्या पिढीनं त्यात का उतरावं, या प्रश्नाला पैशाचं उत्तर नव्हतं. आज हे काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

आणि या दगडांवाचून खरंच अडणारी माणसं आहेत. जपानच्या राष्ट्रीय ठेव्यांच्या यादीत शंभराहून अधिक तलवारी आहेत. त्यातल्या बऱ्याच सातशे-आठशे वर्षं जुन्या. तलवारीच्या पात्यावर धारेलगत एक लाटेसारखी पांढरट रेषा असते, तिला ‘हामोन’ म्हणतात. पातं तापवून पाण्यात बुडवताना लोहारानं ती घडवलेली असते. ती दिसते ती घासणाऱ्यामुळे. चकचकीत आरसा केला तर ती लपते. ती उघड करायला ‘उचिगुमोरी’ नावाचा मऊसर दगड लागतो, आणि तो क्योतोच्या याच डोंगरांतला. शेवटच्या टप्प्यात तर मोठा दगड बाजूला ठेवतात आणि त्याच्या नखाएवढ्या पातळ चकत्या अंगठ्याखाली धरून पातं घासतात. उचिगुमोरीची चकती म्हणजे ‘हाझुया’. ती मोडू नये म्हणून तिला मागून योशिनोचा हातकागद लाखेसारख्या उरुशीनं चिकटवतात. नारुताकीच्या दगडाची ‘जिझुया’, ती पात्याच्या अंगासाठी. विजेवर चालणारं कुठलंही यंत्र इथे येत नाही.

या कामाची प्रतिष्ठाही मोठी होती. होन्आमी कोएत्सु (1558-1637) हे जपानी कलेतलं फार मोठं नाव. सुलेखनकार, कुंभार, लाखकामाचे जाणकार. त्यांनी घडवलेला ‘फुजिसान’ नावाचा चहाचा वाडगा आज राष्ट्रीय ठेवा आहे. पण त्यांच्या घराण्याचा पिढीजात धंदा तलवारी घासण्याचा आणि पारखण्याचा.

घासताना प्रत्येक वेळी तलवार थोडी झिजते आणि दगडही झिजतो. तलवार जपून, क्वचितच घासायची असते, म्हणून ती पुरते. दगडाचं तसं नाही. तो वापरला की संपतो, आणि त्याची जागा घेणारा नवा दगड येणं थांबलंय. आजच्या घासणाऱ्यांची मदार बरीचशी जुन्या साठ्यांवर आहे. सुतारांमध्येही हीच गत. जपानमध्ये ‘केझुरोकाई’ नावाच्या मेळाव्यांत सुतार हातरंध्यानं लाकडाचा जास्तीत जास्त पातळ पापुद्रा काढायची स्पर्धा करतात. दहा मायक्रॉनपेक्षाही पातळ पापुद्रे निघतात. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. तिथे शेवटचा हात अनेक जण आजही नैसर्गिक दगडावरच मारतात.

आता तुमचा टोमॅटो.

स्पष्ट सांगायचं तर तुम्हाला क्योतोचा दगड लागणार नाही. 1000 ग्रिटचा साधा कृत्रिम दगड घ्या, आयुष्यभराची भाजी त्यावर निघेल. जपानी आचाऱ्यांपैकीही पुष्कळ जण रोजच्या कामाला कृत्रिमच वापरतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. धार लावायला शिकायचं तर एकसारखा वागणारा दगड बरा, नाहीतर चूक हाताची की दगडाची हे कळणारच नाही. पातं आणि दगड यांच्यातला कोन सगळ्या हालचालीत एकच ठेवायचा, एका बाजूनं घासत राहायचं आणि दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली की मगच बाजू बदलायची. एवढं हाताला बसायला दोन-तीन रविवार लागतात. विजेच्या चाकावर धार लावून आणणं सोपं, पण चाकावर पातळ पातं तापतं, आणि फार तापलं तर त्याचा कडकपणाच जातो. ओल्या दगडावर ती भानगड नाही.

आणि हात बसल्यावर तरीही खरा दगड एकदा अनुभवावासा वाटला, तर ‘कोप्पा’ हा शब्द लक्षात ठेवा. वेडेवाकडे, मापात न बसलेले तुकडे. शिक्का नाही, चौकोनी रूप नाही, म्हणून किंमत पुष्कळ कमी. खाण तीच, थर तोच. कधी जपानला जाणं झालंच, तर कामेओकामध्ये फक्त नैसर्गिक धारेच्या दगडांचं एक छोटं संग्रहालयही आहे. घरी आणलेला तुकडा कृत्रिम दगडासारखा बादलीत बुडवून ठेवू नका. तो थराथरांचा असतो, पाणी आत शिरलं की थर सुटतात. म्हणूनच कारागीर त्याच्या कडांना आणि बुडाला लाखेचा हात देतात. वरून चमचाभर पाणी पुरतं. पातं हलकं धरा आणि फिरवत राहा. थोड्या वेळानं राखाडी लगदा वर येईल. तो घाण समजून धुऊन टाकू नका. काम तोच करतोय.